मेंढी-उंदराचं लग्न टिकत नाही म्हणतात, ते किती खरं?

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, नोकरीनिमित्त सिंगापूरला. जन्म १२ नोव्हेंबर १९९६. ज्याच्याशी लग्न ठरतंय तो तिथलाच चिनी मुलगा, जन्म १६ ऑगस्ट १९९१. सगळं जुळत आलं आणि त्याच्या आजीनं, आमांनी, खोडा घातला: मुलगी उंदीर, मुलगा मेंढी, ही जोडी ‘हाई’ आहे, म्हणजे एकमेकांना अपाय करणारी. तुम्ही विचारताय, यात तथ्य किती आणि उपाय काय.

आमा चुकलेल्या नाहीत. उलट त्यांनी कमीच सांगितलं. त्यांनी फक्त जन्मवर्षं पाहिली, म्हणून त्यांना एक अपाय दिसला. मी दोघांच्या पत्रिका मांडल्या तर मला तीन दिसले, वर दोन टकरा. घाबरू नका, वाचत राहा. असा नमुना शिकवायलासुद्धा सहज मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी प्राणी डोक्यातून काढा. आपल्याकडे गुणमेलनात योनी पाहतात तेव्हा मांजर-उंदीर, साप-मुंगूस, गाय-वाघ असं वैर धरतात. तिथे प्राण्यांचा स्वभाव हाच आधार आहे. उंदीर आणि मेंढी कधी भांडताना पाहिलीत का? घोडा आणि बैल? चिनी पद्धतीत मूळ वस्तू प्राणी नाहीच, मूळ वस्तू म्हणजे बारा भूशाखा, काळ मोजायची बारा चिन्हं. शांग काळातल्या हाडांवर दिवस मोजायला त्या कोरलेल्या सापडतात. प्राणी नंतर चिकटले, आणि तेही लगेच घट्ट चिकटले नाहीत. १९७५ च्या अखेरीस हूपै प्रांतात श्वेहूदी इथे छिन काळातल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. थडगं इ.स.पूर्व २१७ च्या सुमाराचं. त्या पट्ट्यांवर शाखांपुढे प्राणी दिलेत, पण आज जिथे घोडा आहे तिथे हरीण लिहिलंय आणि आजच्या मेंढीच्या जागी घोडा. म्हणजे प्राणी बदलले, शाखा होत्या तिथेच राहिल्या. तेव्हा ‘मेंढी उंदराला बाधते’ हे वाक्य ‘आठवी शाखा पहिलीला बाधते’ असं वाचायचं. (मेंढी की बकरी यावरही वाद घालू नका, चिनी भाषेत दोघींना एकच शब्द आहे.)

आता ही बाधा येते कुठून? मला हे ज्यांनी शिकवलं ते सिंगापूरचेच. एका हॉकर सेंटरमध्ये टेबलावरचे कोपीचे, म्हणजे तिथल्या कॉफीचे, कप बाजूला सारून त्यांनी डावा हात उताणा ठेवला आणि अंगठ्यानं पेरं मोजायला लागले. आपण जप मोजतो तसंच, फक्त वाट वेगळी. तुम्हीही हात समोर धरा. करंगळीशेजारच्या बोटाच्या, म्हणजे अनामिकेच्या, मुळाशी पहिली शाखा, उंदीर. मधल्या बोटाच्या मुळाशी बैल. तर्जनीच्या मुळाशी वाघ, मग तर्जनीवरूनच वर चढत ससा, ड्रॅगन आणि टोकाला साप. मधल्या बोटाच्या टोकाला घोडा, अनामिकेच्या टोकाला मेंढी, करंगळीच्या टोकाला माकड. तिथून करंगळीवरून खाली उतरत कोंबडा, कुत्रा, आणि मुळाशी डुक्कर. बारा झाले.

आता या हातावर आडव्या रेघा कल्पा. मुळाशी उंदीर-बैल. त्याच ओळीत बाहेरच्या दोन बोटांवर वाघ-डुक्कर. वर ससा-कुत्रा, ड्रॅगन-कोंबडा, टोकांना साप-माकड आणि आत घोडा-मेंढी. या सहा मैत्रीच्या जोड्या, जुन्या भाषेत सहा ‘संयोग’. मग बोटावरून उभी रेघ ओढा. अनामिकेवर उंदीर आणि मेंढी. मधल्या बोटावर बैल आणि घोडा. तर्जनीवर बाहेरचे वाघ-साप, आतले ससा-ड्रॅगन. करंगळीवर माकड-डुक्कर आणि कोंबडा-कुत्रा. हे सहा अपाय. ‘हाई’ला दुसरा शब्द आहे ‘छ्वान’, म्हणजे भेदून जाणं. हातावर मोजलं की तो शब्द का आला असावा हे आपसूक कळतं: आडव्या जोडीला उभी रेघ छेदते. ज्यांना हातापेक्षा आकडे बरे वाटतात त्यांच्यासाठी: उंदीर १, बैल २ असे डुकरापर्यंत १२ आकडे द्या. बेरीज ३ किंवा १५ आली तर संयोग, ९ किंवा २१ आली तर अपाय, फरक ६ असेल तर टक्कर. एवढ्यावर सहाही जोड्या पाठ न करता काढता येतात.

पण गणिताच्या आड अर्थ लपलाय, आणि माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. उंदराचा मित्र बैल. बैलाची समोरासमोर टक्कर मेंढीशी. म्हणजे मेंढी उंदराच्या वाटेला कधी जात नाही, ती उंदराच्या मित्राला धडकते. उंदराला अपाय होतो तो असा, मित्रामार्फत. उलट्या बाजूनंही तेच: मेंढीचा मित्र घोडा, आणि घोड्याची टक्कर उंदराशी. थोडक्यात, अपायाच्या जोडीत दोघांमध्ये वैर नसतं. दोघंही एकमेकांच्या जिवलगाचं बिनसवतात. टक्कर म्हणजे दार आपटून भांडण. अपाय म्हणजे ‘तुझ्या त्या मैत्रिणीचं काही खरं नाही हं’ असं जेवताना सहज म्हणून जाणं. म्हणून पत्रिकेत अपाय दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो: मधला कोण? ज्याच्यावरून हे दोघं एकमेकांना खुपतात तो तिसरा कुठे बसलाय?

आता तुमच्या पत्रिका. जन्मवेळा तुम्ही दिल्या नाहीत, त्यामुळे चारपैकी तीनच खांब मांडता येतात: वर्ष, महिना, दिवस. प्रत्येक खांबात खाली एक शाखा असते आणि वर एक ‘खोड’, म्हणजे एखाद्या तत्त्वाचं यिन किंवा यांग रूप. तुमचे उंदीर, डुक्कर, बैल. दिवसाचं खोड ‘ग्वै’, म्हणजे यिन जल. त्याचे मेंढी, माकड, घोडा. दिवसाचं खोड ‘वू’, म्हणजे यांग माती.

तुमचं वर्ष उंदीर आणि दिवस बैल, म्हणजे तुमच्या स्वतःच्या पत्रिकेतच एक संयोग आहे. त्याचं वर्ष मेंढी आणि दिवस घोडा, म्हणजे त्याच्याकडेही एक. हातावर बघा: तुमची जोडी मधल्या दोन बोटांच्या मुळाशी, त्याची त्याच बोटांच्या टोकांना. आडव्या दोन रेघा, उभ्या दोन रेघा, अख्खा चौकोन तयार. शिकवणाऱ्यानं फळ्यावर काढावा तसा. तुमचा उंदीर त्याच्या मेंढीला बाधतो, तुमचा बैल त्याच्या घोड्याला बाधतो, आणि तिरप्या दोन टकरा वेगळ्याच. शिवाय महिन्यांमध्ये माकड-डुक्कर, हा तिसरा अपाय. आणि एवढं असून दिवसांची खोडं, ग्वै आणि वू, एकमेकांच्या संयोगात! चिनी ज्योतिषी याला वर जुळलेलं आणि खाली बिनसलेलं म्हणतील. माणसं एकमेकांना पसंत आहेत, पायाखालच्या घरांचं पटत नाही.

वाचायचं कसं? वर्षाचा खांब घराण्याचा, दिवसाची शाखा जोडीदाराची जागा. तुमच्याकडे या दोघांचा आपसात संयोग आहे, म्हणजे लग्नानंतरही माहेरचा धागा घट्ट राहणार. त्याचंही तसंच, आणि तो आजीच्या शब्दाला एवढा मान देतो हेच त्याचं उदाहरण. अपाय बोलतो तो नेमका इथे. तुम्ही दोघं एकमेकांना बाधत नाही. त्याच्या घरच्यांना वाटेल की तुम्ही मधे आलात, तुमच्या घरच्यांना वाटेल की तो मधे आला. दिवाळीला नाशिक की चिनी नववर्षाला आमांकडे, पैसे कुठे पाठवायचे, मूल झालं की आधी कुणाची आई येणार, असल्या गोष्टी. खरं सांगायचं तर आमांनी घेतलेली हरकत हाच या अपायाचा पहिला प्रयोग आहे. तो होऊन गेला, आणि तरी तुम्ही दोघं उभे आहात.

दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची, आणि नुसती वर्षं पाहणाऱ्यांना ती दिसतच नाही. तुमच्या तीन शाखा डुक्कर, उंदीर, बैल. हे तिन्ही मिळून उत्तर दिशेचा, पाण्याचा पूर्ण संघ होतो. जन्म हिवाळ्याच्या पहिल्या महिन्यातला आणि दिवसाचं खोडही पाणीच. अशी पत्रिका गारठलेली असते. तिला ऊब हवी आणि पाण्याला बांध घालणारी कोरडी माती हवी. मेंढीची शाखा काय आहे? उन्हाळ्याच्या शेवटची कोरडी, ऊबदार माती. घोडा काय? भर उन्हाळ्याचा अग्नी. म्हणजे ज्या दोन शाखा तुम्हाला ‘बाधतात’ त्याच तुमचं औषध आहेत. त्याच्या पत्रिकेत वाळलेली माती आणि ऊन, त्याला पाणी तुमच्याकडून. माझ्यासमोर ही जोडी कोरी आली असती तर मी अपायांकडे वळायच्या आधीच ‘चांगली आहे’ म्हटलं असतं.

हे मी पदरचं सांगत नाही. सोंग काळात झूपिंग या ज्योतिषाच्या नावानं जी पद्धत रूढ झाली तिनं वर्षाऐवजी दिवसाचं खोड केंद्रस्थानी आणलं, आणि तेव्हापासून गंभीर अभ्यासक नुसत्या वर्षावर निकाल देत नाहीत. ‘दी त्यान स्वै’ या ग्रंथात तर स्पष्ट म्हटलंय की शाखांमध्ये टक्कर तेवढी जड धरावी, दंड (शाखांमधला आणखी एक दोष) आणि अपाय हलले तर हलले, नाही तर नाही. छिंग काळातला त्याचा टीकाकार रन थ्येछ्याव आणखी पुढे जातो. उंदीर-मेंढीत निदान माती पाण्याला अडवते हे समजू शकतं, पण काही जोड्यांत तर एक दुसऱ्याला जन्म देतो, मग त्यांना अपाय कसं म्हणायचं, असा त्याचा सवाल. तुमच्या महिन्यांची जोडी घ्या: माकड धातू, डुक्कर पाणी, आणि धातू पाण्याला पोसतो. त्याच्या मते ही सगळी कल्पनाच ओढूनताणून आणलेली आहे. मी इतका कडक नाही. अपाय मला घरातल्या कुरबुरीची दिशा दाखवतो, एवढा उपयोग मी करून घेतो. पण त्यावरून लग्न मोडायला सांगणं म्हणजे नळ गळतोय म्हणून घर विकण्यासारखं आहे.

मग आमांच्या मनात एवढी भीती कुठून आली? तोंडपाठ ओव्यांमधून. चिनी घरांत लग्न जुळवणाऱ्यांची एक जुनी यमकी यादी आहे. तिचा अर्थ असा: पांढरा घोडा हिरव्या बैलाला भितो, मेंढी-उंदीर एका दिवसात संपतात, साप-वाघ म्हणजे सुरीवर सुरी, ड्रॅगन-ससा डोळ्यांना धारा, सोनेरी कोंबडा जेडच्या कुत्र्याला भितो, डुक्कर-माकड शेवटाला जात नाहीत. सहाच्या सहा अपाय, ओळीनं. चालीत म्हणता येतं म्हणून टिकलं. आपल्याकडे ‘मंगळ आहे’ एवढ्या दोन शब्दांनी किती स्थळं परत गेली असतील, त्यातलाच हा प्रकार.

बाकी जोड्यांबद्दल फार लिहीत नाही. वाघ-साप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तिथे अपायासोबत ‘दंड’ही आहे, आणि पत्रिकेत तिसरं माकड आलं की दंडाचा त्रिकूट पुरा होतो. ससा-ड्रॅगनला जुन्या ग्रंथांत धाकट्यानं थोरल्यावर केलेली दादागिरी म्हटलंय, कोंबडा-कुत्र्याला मत्सर, माकड-डुकराला पुढे जायची चढाओढ. नावं झकास आहेत, पण ससा-ड्रॅगन आणि कोंबडा-कुत्रा ही लागोपाठची वर्षं आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. २०११ ससा, २०१२ ड्रॅगन. आपल्याकडच्या शाळेत त्या सुमाराचा कुठलाही वर्ग घ्या, अर्धी मुलं ससे, अर्धी ड्रॅगन, एका बाकावर बसून एकमेकांचे डबे खातात. शिवाय वाघ शेजारी आला की वाघ-ससा-ड्रॅगन हा पूर्वेचा संघ होतो आणि अपाय त्यात विरून जातो.

आणि थोडा हिशेब. शाखा सारख्या वाटल्या गेल्यात असं धरलं तर कुठल्याही एका माणसाच्या चार खांबांत निदान एक अपाय असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. दोन माणसांच्या पत्रिका एकमेकांसमोर ठेवल्या तर दोघांमध्ये निदान एक अपाय निघण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के. म्हणजे चारातल्या तीन जोडप्यांत तो निघणारच. जो दोष चारातल्या तिघांना असतो त्याच्यावर भविष्य कसलं सांगायचं? मला हा हिशेब उशिरा सुचला. त्याआधी एका दुकानाच्या दोन भागीदारांना, एक कोंबडा, एक कुत्रा, मी ‘वेगळे व्हा’ असं ठामपणे सांगून बसलो होतो. त्यांनी हसून चहा पाजला आणि ऐकलं नाही. अजून एकत्रच आहेत. दरवर्षी दिवाळीला मला मिठाईचा डबा येतो, त्यावर दोघांची नावं असतात.

उपायांचं. चायनाटाऊनमध्ये तुम्हाला बैलाचं लोलक विकायचा प्रयत्न होईल. युक्तिवाद असा की उंदराचा मित्र बैल, तो गळ्यात बांधला की मेंढीचा अपाय सुटतो. नियम म्हणून बरोबर आहे, पण तुमच्या पत्रिकेत बैल आधीच बसलाय, आणखी एक कशाला? पैसे वाचवा. वर्षाचा अपायही लोक मानतात. २०२६ घोड्याचं वर्ष, त्यात बैलाला वर्षदेवतेचा अपाय, म्हणून हाँगकाँगच्या वाँग ताई सिन मंदिरात नाहीतर पेइचिंगच्या शुभ्रमेघ मंदिरात नाव नोंदवून उदबत्ती लावतात. आमांना बरं वाटत असेल तर जवळच्या देवळात त्यांच्यासोबत जाऊन या. त्यात काही बिघडत नाही, आणि सोबत जाणं हाच त्यातला खरा भाग. तुमच्या बाबतीत २०२६ आणि २०२७ ही दोन्ही वर्षं, घोडा आणि मेंढी, वरचा चौकोन हलवणारी आहेत. घरच्यांच्या कुरबुरी याच काळात जास्त होतील असं धरून चाला. त्यासाठी लग्न पुढे ढकलायची गरज नाही.

लग्नाचा दिवस काढताना उंदीर, बैल, घोडा, मेंढी या चारही शाखांचे दिवस टाळा, कारण त्यातला कुठलाही आला की एका बाजूचं पारडं जड होतं. मी सशाचा दिवस शोधेन. तुमचं डुक्कर, त्याची मेंढी आणि मधे ससा मिळून लाकडाचं त्रिकूट होतं, आणि लाकूड पाणी पिऊन अग्नीला देतं. उंदीर-सशात ‘दंड’ आहे हे मला ठाऊक आहे. अगदी निर्दोष दिवस इथेही मिळत नाही, आपल्या मुहूर्तासारखंच.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण इथे फसतात. पत्रिकेतलं वर्ष १ जानेवारीला बदलत नाही आणि चिनी नववर्षालाही नाही. ते ‘ली छुन’ला, साधारण ४ फेब्रुवारीला बदलतं. जानेवारी १९९६ मधली व्यक्ती उंदीर नव्हे, डुक्कर. तुम्ही नोव्हेंबरच्या, तुम्हाला प्रश्न नाही.

जन्मवेळा कळवा, पण घड्याळातली वेळ जशीच्या तशी धरणार नाही. सिंगापूरचं घड्याळ १९८२ पासून ग्रिनिचच्या आठ तास पुढे आहे आणि सूर्य तिथे त्याहून तासभर मागे असतो, त्यामुळे त्याच्या वेळेतून साधारण ६५ मिनिटं वजा होतील. नाशिकसाठी ३५. चिनी प्रहर दोन तासांचा असतो, एवढ्यानं शाखा बदलू शकते.

आणि आमांचं जन्मसाल विचारून घ्या. १९३९ चं निघालं तर त्या स्वतःच ससा आहेत, आणि तुमच्या दोघांच्या मधला तिसरा आपल्याला सापडला. काहीही निघालं तरी लग्नाच्या चहाच्या विधीत काय करता येईल ते मुलाशी बोलून ठेवा: कप दोन्ही हातांनी धरायचा, आणि पहिला आमांना.